रामचंद्र धुरींची बेटं

शारजात अल मजाजच्या टॉवरांमागे, लॉन्ड्री आणि केरळी हॉटेलच्या मधोमध, एक कार्गोचं दुकान आहे. एक काउंटर, एक वजनकाटा, भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्याच्या घड्या, आणि जमिनीवर उकिडवा बसलेला रामचंद्र धुरी. मूळ गाव आचरा, तालुका मालवण. एकोणीस वर्षं हा माणूस तिथे बसून फिलिपिनो लोकांची खोकी भरतोय.

खोकी साधीसुधी नव्हेत. फिलिपिनो बाई किंवा बाप्या परदेशात कामाला आला की खोलीच्या कोपऱ्यात कमरेएवढं एक खोकं उघडं ठेवतो आणि महिनोन्‌महिने त्यात काही ना काही टाकत राहतो. साबण, शांपू, टॉवेल, मटणाचे डबे, चॉकलेटं, पोराचे बूट, आईची गुडघ्याची पट्टी. काठोकाठ भरलं की रामचंद्र ते नीट रचतो, टेप मारतो, आणि जबल अली बंदरातून जहाजाने ते खोकं दोन महिन्यांत घरी पोचतं. त्याला ते लोक बालिकबायान बॉक्स म्हणतात. रामचंद्र म्हणतो बाळंतविडा. कारण भरणारीच्या तोंडावरचा भाव तोच असतो, असं त्याचं म्हणणं.

आता खोकं बांधून दिलं की काम संपायला हवं. पण मालकाने पोचवणीचे फोनही त्याच्याच गळ्यात मारलेले. तिकडच्या पत्त्याला घरनंबर नसतो. चॅपलच्या मागे, बास्केटबॉलच्या खांबाला लागून, हिरवं गेट, कुत्रा चावत नाही. मग हा फोन लावणार. रस्ता आहे का, नदीला पाणी आहे का, बोट किती वाजता सुटते, गावची जत्रा तर नाही ना, नाहीतर घरी कोणी नसायचं. असं एकोणीस वर्षं चाललं तर माणसाला काय काय पाठ होईल? रामचंद्राला सेबूच्या धक्क्यावर कुठल्या बाजूला ऊन येतं ते ठाऊक. लेयतेच्या कुठल्या गावात जानेवारीत चिखल असतो ते ठाऊक. सात हजारांवर बेटं त्या देशात, त्यातली दोनेकशे तरी त्याच्या जिभेवर.

त्याच्याबरोबर काउंटरला रोवेना बसते. ती सेबूची. त्याला कुया म्हणते, म्हणजे दादा. आणि ज्ञानात भर घालते.

सुलभाताई या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईंचं खोकं सोडायला. समोरच्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर त्या राहतात. नवरा उल्हास इंटिरियरची कामं घेतो, मुलगी शर्वाणी आठवीत. डिसेंबरातल्या नॅशनल डेच्या सुट्टीला मराठी मंडळातली पाच घरं मिळून फिलिपिन्सला निघायचा बेत होता. अठरा माणसं. आणि बेत ठरवणाऱ्या अर्थात सुलभाताई. दुकानाच्या भिंतीवरचा फिलिपिन्सचा नकाशा बघून त्यांनी सहज काहीतरी विचारलं, आणि रामचंद्राने टेप कापता कापता जे सुरू केलं ते अर्धा तास.

"ताई, पहिली गोष्ट, चाकांची मोठी बॅग घरी ठेवा. लहान बेटांवर बोट वाळूपर्यंत येत नाही, मध्ये गुडघाभर पाणी असतं. चाकं पाण्यात फिरत नाहीत. पाठीवरची सॅक घ्या, आत कचऱ्याची काळी पिशवी, त्यात कपडे."

"वॉटरप्रूफ बॅग ऑनलाइन बघितलीय मी. साठ दिरहॅम, म्हणजे चौदाशे रुपये झाले."

"कचऱ्याच्या पिशव्यांचा रोल तीन दिरहॅमला येतो. अख्ख्या मंडळाला पुरून उरेल."

सुलभाताईंनी मोबाइल काढून लिहायला घेतलं.

"शाकाहारी कोण आहे?"

"दोघी. मंडळातल्या आशाकाकू आणि मी."

"मग नुसतं 'नो मीट' म्हणू नका. ते मान डोलवतील आणि भाजीत कोळंबीची चटणी घालतील. बागोओंग म्हणतात. त्यांच्या हिशेबी ते मीठच आहे. म्हणून नो मीट, नो फिश, नो बागोओंग, तिन्ही म्हणायचं. रोज म्हणायचं. दुसरं, बाथरूममध्ये आपल्यासारखा जेट नसला तर घाबरू नका. ताबो मागा. हँडलवाला मग असतो, आपल्या घरचाच."

"देवा, ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती."

"सगळ्यांचीच असते, विचारत कोणी नाही. मग जीप. तिकडच्या जीपमध्ये पैसे ड्रायव्हरपर्यंत हातोहात पाठवायचे, सुटे ठेवा. हजाराची नोट काढलीत तर सगळी जीप तुमच्याकडे बघेल. बसला जाकीट, एसी आपल्या मॉलपेक्षा गार असतो. रस्ता विचारलात तर बोट दाखवणार नाहीत, ओठ पुढे करतील. ओठ जिकडे, रस्ता तिकडे. उल्हाससाहेबांना सांगून ठेवा, नाहीतर भलतंच समजतील."

सुलभाताई हसता हसता लिहीत होत्या.

"इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म निघायच्या आधी तीन दिवसांत भरायचा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. परतीचं तिकीट कागदावर छापून घ्या. आणि ताई, सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची रात्र बोहोल बेटावर काढू नका. वारा उठला की कोस्ट गार्ड बोटी बंद करतं. समोर सेबू दिसेल, पण जाता येणार नाही, आणि सेबूचं विमान तर थांबत नाही. एक दिवस आधी सेबूला येऊन पडा."

घरी जाऊन सुलभाताईंनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सगळं टाकलं. खाली लिहिलं, 'आपले रामचंद्रभाऊ दरवर्षी जातात तिकडे.' असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बोलण्यावरून त्यांनीच तसं धरलं. मग भाऊंनाही ग्रुपमध्ये घेतलं. भाऊंनी ती ओळ वाचली. खोटी होती. रामचंद्र आयुष्यात कधी फिलिपिन्सला गेला नव्हता. पण ओळ गोड लागली, आणि तो गप्प बसला.

पंधरा दिवस हा गोडवा पुरला. मग सुलभाताई पेढे घेऊनच दुकानात आल्या.

"मंडळाने ठरवलंय. तुम्ही आमच्याबरोबर यायचं, लीडर म्हणून. तिकीट आम्ही काढणार. येत्या शनिवारी घरी मीटिंग आहे, सगळा प्लॅन तुम्हीच समजावून सांगा."

रामचंद्राने पेढा तोंडात घातला, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ आली नाही. रोवेना काउंटरमागून बघत होती. ताई गेल्यावर म्हणाली, "कुया, तुमने बोला नहीं?"

"बोलेगा."

"कब? एअरपोर्ट पे?"

शुक्रवारी दुपारी नमाजाला दुकान बंद असतं. तेव्हा त्याने आचऱ्याला बायकोला व्हिडिओ कॉल लावला. सगुणा मागल्या दारी माडाची झापं विणत बसली होती.

"काय तोंड पाडून बसलस?"

"माका फिलिपिन्साक नेतत. लीडर करून."

"तुका?" सगुणेने हातातलं झाप खाली ठेवलं. "अरे, तुका कुडाळच्या स्टँडार सोडलो तर आचऱ्याची गाडी चुकवशीत."

"तेंका वाटता मी वर्साक जातंय थयसर."

"कोणी सांगल्यान?"

"कोणीच नाय. मी नाय म्हणूक नाय, इतक्याच."

"इतक्याच? तुझो पासपोर्ट मी बघलंय. मुंबय नि शारजा सोडून तेच्यार तिसरो छापो नाय. सांगून टाक गुपचूप."

"सांगलंय तर माझा उद्या कोण ऐकतलो? आज मोठमोठे सायब लोक माका इचारूक येतत, सगुणा. हयसर माका दुसरा कोण इचारता?"

तिने झाप परत मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "नाय ऐकले तर नाय ऐकले. पण तू लीडर म्हणान गेलस नि हुकलस, तर अठरा माणसां पाण्यात उभी रवतली. त्यातली एक म्हातारी आसा म्हणतस ना? तिचो तरी इचार कर."

शनिवारी संध्याकाळी रामचंद्र इस्त्रीचा शर्ट घालून चौदाव्या मजल्यावर गेला. खाली खालिद लगूनच्या पाण्यात दिवे हलत होते. हॉलमध्ये माणसं, चहा, चिवडा. टीव्हीला सत्यजितने लॅपटॉप जोडला होता. सत्यजित दुबईत कुठल्याशा मोठ्या ऑफिसात खरेदी बघतो. एकदा थायलंडला जाऊन आलाय, आणि ते तो विसरू देत नाही. त्याच्या शेजारी त्याची आई, आशाकाकू, वय सत्तर, मांडीवर चिवड्याची वाटी.

"या, लीडर," सत्यजित म्हणाला. "मी शीट बनवलंय. तुम्ही फक्त कन्फर्म करा."

रामचंद्र बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "आधी एक सांगतो. मी तिकडे एकदाही गेलेलो नाही."

कुणाच्या तरी दाताखाली शेंगदाणा फुटल्याचा आवाज आला तेवढाच.

"वेट, व्हॉट?" शर्वाणी म्हणाली.

"खोकी पाठवतो, फोन करतो, लोकांचं ऐकतो. ग्रुपवर ताईंनी लिहिलं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बरं वाटत होतं."

उल्हासला हसू फुटलं, ते त्याने चहाच्या कपात लपवलं. सुलभाताईंचा चेहरा मात्र लाल झाला. "अहो, मी पाच घरांना शब्द दिलाय तुमच्या जिवावर."

"म्हणजे एकूण प्लॅन ऐकीव माहितीवर आहे," सत्यजित म्हणाला. शांतपणे म्हणाला, त्यामुळे जास्त लागलं. "चला, बरं झालं आत्ताच कळलं. मग ती सेबूची जादा रात्र पहिली उडवू. शेवटची रात्र बोहोलच्या बीच रिसॉर्टवर, सकाळी बोट, संध्याकाळी विमान. पोतंभर वेळ आहे मध्ये."

"ती रात्र उडवू नका," रामचंद्र म्हणाला.

"का? तुम्ही गेला नाहीत."

"मी गेलो नाही, सत्यजितसाहेब. पण माझी खोकी गेलीत. डिसेंबरात ती बोट किती वेळा बंद राहिली ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक वेळी शिव्या मी खाल्ल्यात. इकडे बसून."

सत्यजितने कर्सर त्या ओळीवर नेला. खोडणार, तेवढ्यात आशाकाकू वाटीतून मान वर न करता म्हणाल्या, "मला बोटीतून विमानात धावायला लावणार असशील तर मी येत नाही. माझं तिकीट परत कर."

"आई, धावायचं नाहीये, चार तास आहेत."

"तुझे चार तास मला माहीत आहेत. मुंबईलाही चारच होते."

रात्र राहिली. पण ती आशाकाकूंच्या गुडघ्यांमुळे राहिली, रामचंद्राच्या शब्दाखातर नव्हे, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. त्याच्या तिकिटाचा विषय मागे पडला. सुलभाताई निघताना दारापर्यंत आल्या नाहीत. लिफ्टपाशी उल्हास मागून आला.

"भाऊ, लीडर नका होऊ, पाहुणे म्हणून चला. मजा येईल."

"नको साहेब. मी आलो तर तुम्ही सगळे माझ्याकडे बघत राहणार, आणि मी रस्त्याकडे. इथे दुकानात बसलो की मला सगळं दिसतं."

त्यानंतर निघेपर्यंत सुलभाताई दुकानाकडे फिरकल्या नाहीत. लॉन्ड्रीपाशी आल्या की रस्ता ओलांडून समोरच्या बाजूने जायच्या. रामचंद्राला ग्रुपमधून कोणी काढलं नव्हतं, एवढंच. तो रोज खोकी भरायचा आणि मोबाइल मांडीखाली ठेवायचा.

डिसेंबर उजाडला, मंडळी पोचली. पहिला फोटो आला तो सत्यजितचा. कमरेपर्यंत भिजलेला, डोक्यावर चाकांची लाल बॅग, मागे बोट. रोवेना इतकी हसली की गिऱ्हाईक खोळंबलं. दुसऱ्या दिवशी मात्र वेगळंच. रामचंद्राने सांगितलं होतं, बोहोलच्या त्या धक्क्यावर उतरलं की समोरच तीनचाकी उभ्या असतात. त्या होत्या जुन्या धक्क्यावर. बोट लागली नव्या धक्क्याला. अठरा माणसं उन्हातून अर्धा तास चालली. सत्यजितने इंग्रजीत लिहिलं, 'स्थानिक ज्ञानाबद्दल आभार.'

रामचंद्राने दोन बोटांनी उत्तर टाइप केलं. 'धक्का बदललाय हे मला माहीत नव्हतं. चूक माझी. काकूंना नारळपाणी द्या.'

आणि मोबाइल परत मांडीखाली सरकवला.

मग तो जादा दिवस आला. सकाळी आठला त्याने दुकान उघडलं, तेव्हा तिकडे दुपारचे बारा. मंडळी सकाळच्याच बोटीने सेबूला येऊन पडली होती. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ग्रुपवर समुद्राचा फोटो होता. समुद्र असा की दुधावर साय धरावी. खाली सत्यजित, 'वारा नाही, ढग नाही, सकाळपासून बोटी चालू. बीच सोडून आम्ही अठरा जण हॉटेलच्या भिंतीकडे बघतोय. पोरं कंटाळली आहेत.' त्याच्या खाली सुलभाताईंचं एकच वाक्य, 'आता करायचं काय इथे?' कोणाला विचारलंय ते लिहिलं नव्हतं.

"कुया, फेस क्यों ऐसा?" रोवेनाने विचारलं.

त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने वाचून घेतलं, भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं, आणि म्हणाली, "आंटी कोरा."

आंटी कोरा म्हणजे रोवेनाची मावशी. सेबूत हॉटेलपासून वीस मिनिटांवर घर. रामचंद्राने तिला पहिलं खोकं पाठवलं तेव्हापासून तिचा नंबर त्याला तोंडपाठ. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. त्याने फोन लावला. बोलणं झालं दोघांच्या मोडक्या इंग्रजीत, ते असं:

"सर राम. खोकं निघालं?"

"खोकं नाही, आंटी. या वेळी माणसं पाठवतोय. अठरा."

"कधी?"

"आता."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "जेवलेत?"

"नाही. दोघी मांसमच्छी खात नाहीत."

"मग फणस करते, नारळाच्या दुधात."

"बागोओंग घालू नको हां."

"मग चव कशी येणार?"

"मीठ घाल, आंटी."

"तुम्ही लोक बिचारे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने ग्रुपवर पत्ता टाकला. चॅपलच्या मागे, बास्केटबॉलच्या खांबाला लागून, निळं गेट. 'जीपने जा, टॅक्सी गल्लीत शिरत नाही. चपला दाराबाहेर. जेवणाला नाही म्हणू नका.' आणि शेवटी लिहिलं, 'मी गेलेलो नाही, पण घर तिथेच आहे.'

तास गेला. कोणाचं काही नाही. दोन तास गेले. त्याने एका नर्सच्या खोक्यात कॉफीच्या बरण्या तळाला ठेवायच्या त्या वर ठेवल्या, मग सगळं उपसून परत भरलं. तीन तास गेले. धक्क्यासारखं चॅपलही हललं असलं तर? रोवेनाने त्याच्यापुढे चहा ठेवला तो तसाच निवला. आता ती लोकं कुठल्यातरी गल्लीत आशाकाकूंना घेऊन उभी असणार, आणि सत्यजितच्या हातात मोबाइल असणार.

एकच्या सुमाराला सुलभाताईंचा व्हिडिओ कॉल आला. आधी काही दिसेना, नुसता गलका. मग फणसाच्या भाजीचं पातेलं दिसलं, जवळजवळ रिकामं.

"भाऊ, अहो, ही आपली भाजी आहे," सुलभाताई ओरडूनच बोलत होत्या. "थोडा गूळ कमी, बाकी आपलीच. आशाकाकू तिसऱ्यांदा वाढून घेतायत."

आशाकाकू केळीच्या पानावर चिकट भाताचा नारळ घातलेला गोड तुकडा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलकडे बघून नुसता हात वर केला, तोंड रिकामं नव्हतं.

"आणि मागून काय आवाज येतोय?" रामचंद्राने विचारलं.

"सत्यजित," सुलभाताई म्हणाल्या. मोबाइल वळला. सत्यजित माइक हातात धरून, डोळे मिटून, कुठलंसं जुनं हिंदी गाणं म्हणत होता. शेजारपाजारची दहा-बारा माणसं टाळ्या वाजवत होती. शर्वाणी तिथल्या पोरींमध्ये जमिनीवर बसली होती. "भाऊ, यांच्याकडे कॅराओके मशीन आहे. दीड तास झाला, सोडत नाहीये तो."

"मिळालं ना घर?"

"मिळालं. चॅपल, खांब, गेट, सगळं. थांबा, तुम्हाला एक दाखवते."

मोबाइल एका आतल्या खोलीत गेला. तिथे भिंतीला लागून खोकी रचलेली होती, एकावर एक, छतापर्यंत. कशात कपडे, कशात भांडी. खालच्या दोन खोक्यांवर फळी आणि फळीवर देवाची तसबीर. प्रत्येकावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात आंटी कोराचं नाव, आणि कोपऱ्यात शारजा, राम.

"ती म्हणते एकही फेकलेलं नाही," सुलभाताईंचा आवाज खाली आला होता. "म्हणते, सर राम बांधतो ते फुटत नाही, मग फेकायचं कशाला. तुमचं अक्षर आहे हो इथे भिंतभर."

रामचंद्राने मोबाइल रोवेनाकडे दिला आणि टेपचा नवा रोल शोधायला मागे गेला. रोल समोरच होता. तो बराच वेळ मागेच राहिला.

मंडळी परतल्यावर दोन दिवसांनी सुलभाताई लॉन्ड्रीपाशी रस्ता न ओलांडता सरळ दुकानात आल्या. बरोबर सत्यजित, काखेत लॅपटॉप. आवाज बसलेला. आंटी कोराने रोवेनासाठी दिलेली सुक्या आंब्याची पाकिटं त्याने काउंटरवर ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला.

"रामभाऊ, ईदला पाच दिवस मिळतायत. आई म्हणते बाली. हे बघा, मी शीट केलंय, पण तुम्ही सांगाल तसं करू. हॉटेल कुठल्या बाजूला घ्यायचं?"

रामचंद्राने हातातलं खोकं उलटं करून तळाला टेप मारली. "बालीला आपलं एकही खोकं जात नाही. मला तिथलं काही माहीत नाही."

"अंदाजे सांगा हो," सुलभाताई म्हणाल्या. "तुमचा अंदाज आम्हाला चालेल."

"मला चालणार नाही, ताई. तिथे मी कोणाला फोन करू?"

सत्यजितने लॅपटॉपवर बोट फिरवलं, मग मिटला. "मग तुमची खोकी जातात कुठे कुठे?"

"परवाच फिलिपिन्सच्या पालावान बेटावर चौदा गेली."

"पालावान कसं आहे?"

"मी गेलेलो नाही हां," रामचंद्र म्हणाला.

"ते माहितीये आम्हाला. बोला तुम्ही."

रामचंद्राने टेप खाली ठेवली आणि नकाशासमोर जाऊन उभा राहिला. "आधी मला सांगा, माणसं किती, आणि काकूंना एका दमात किती चालवतं?"